परतीचे भाडे

माझ्या ओळखीच्या एकाही गृहस्थाने मोटार विकत घेताना ती परवडते का, असा प्रश्न स्वतःला विचारल्याचे मला आठवत नाही. हप्ता परवडतो का, हे तो विचारतो. रंग कोणता घ्यावा, हे बायकोला विचारतो. आणि शेजाऱ्याने कोणती घेतली आहे, हे कोणालाही न विचारता त्याला ठाऊक असते. पण ही मोटार वर्षाकाठी आपल्याला किती मिळवून देणार, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. चार दारांची, पांढऱ्या पाटीची वस्तू मुळी मिळकतीसाठी नसतेच. आठवड्यातले पाच दिवस ती इमारतीच्या खाली झाकून ठेवावयाची आणि रविवारी तिला घेऊन गर्दीत अडकावयाचे, एवढेच तिचे काम.

हाच गृहस्थ, खेड्यातला कोणी पोरगा दोन दारांची, पिवळ्या पाटीची, मागे उघडा हौदा असलेली मालगाडी घेऊ म्हणतो असे ऐकले की, एकाएकी अर्थशास्त्रज्ञ होतो. तेल किती खाईल? धंदा मिळेल का? हप्ते थकले तर? २०२४ च्या श्रावणात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी माझ्या पुतण्याची हकीकत सांगितली, तेव्हा चहाचे कप खाली ठेवून चार प्राध्यापकांनी मला हे प्रश्न विचारले. चौघांच्याही मोटारी खाली आवारात उन्हात उभ्या होत्या. त्यांच्या प्रश्नांत खोट काहीच नव्हती. ते फक्त स्वतःला कधी विचारलेले नव्हते, एवढेच.

माझा पुतण्या पुसेगावला असतो. पुसेगाव म्हटले की पुण्यातल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे सेवागिरी महाराजांची यात्रा आणि खिलारी बैलांचा बाजार उभा राहतो. ते पुसेगाव साताऱ्याकडचे. आमचे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. मी शाळेत होतो तेव्हा पत्त्यावर 'जिल्हा परभणी' असे लिहावे लागे. १९९९ साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला. सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद ही आमच्याकडची पिके. माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणतो, घरची शेती पाहतात. मी शिकलो आणि शहरात आलो. त्यामुळे शेतातले मला कळत नाही असे दादांचे ठाम मत आहे, आणि कागदावरचे मला सगळे कळते असाही त्यांचा तितकाच ठाम गैरसमज आहे. म्हणून कागद आला की तो माझ्याकडे येतो.

या वेळी आलेला कागद कर्जाचा होता. गाडी रस्त्यावर उतरेपर्यंत साडेसहा लाख. पैकी दीड लाख दादा हळदीच्या पैशातून घालणार होते, ५ लाख बँक देणार होती, आणि बँकेला जामीन हवा होता. "काका, तुम्ही नुसती सही करा," पुतण्या म्हणाला. 'नुसती सही' हा शब्दप्रयोग मराठीत कोणी रूढ केला कोण जाणे! १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे त्याने बुडविले तर बँक सरळ माझ्या पगाराकडे बोट दाखवू शकते. जामीन म्हटले की मला नामदेवांची कथा आठवते. त्यांचे नरसी आमच्याच भागातले. आईबापांनी बाजारात कापड विकावयास पाठविले, तर नामदेवांनी ते भजनाच्या तंद्रीत दगडधोंड्यांना उधार दिले आणि पैशांसाठी एका धोंड्यालाच जामीन म्हणून घरी आणून कोंडून ठेवले. त्या धोंड्याचे पुढे सोने झाले. बँकेने मला कोंडले असते तर माझे काही सोने झाले नसते. तेव्हा सही करण्यापूर्वी हिशेब पाहणे भाग होते.

हिशेबाकडे वळण्याआधी या गाडीच्या नावाविषयी दोन शब्द बोलू द्या. मराठीच्या मास्तरला तेवढी सूट असावी. आपण ज्याला 'टेम्पो' म्हणतो तो शब्द मुळात एका जर्मन कारखान्याच्या मालाचे नाव. १९५८ साली आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनी निघाली, तिने त्या जर्मन धर्तीची तीनचाकी मालगाडी काढली, आणि पाहता पाहता विशेषनामाचे सामान्यनाम झाले. मग १९६९ मध्ये मॅटॅडोर आली, १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली. गावोगावचे लोक त्यांनाही बिनदिक्कत टेम्पोच म्हणत राहिले. २००५ च्या मे महिन्यात टाटांनी 'एस' नावाची चिमुकली चारचाकी बाजारात आणली. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, पाऊण टन ओझे, आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिचे बारसे 'छोटा हत्ती' असे केले. हे नाव ज्याला सुचले त्याला भाषेची उत्तम जाण होती, असे मी म्हणेन. मालगाडीच्या मागल्या भागाला आपण पूर्वीपासूनच हौदा म्हणतो. हौद्याला हत्ती मिळाला तो २००५ साली. मात्र मराठीत हत्ती दोन प्रकारचे. दारी झुलणारा एक, आणि पोसता पोसता धन्याला भिकेला लावणारा दुसरा. यांपैकी आपला कोणता, हाच काय तो प्रश्न. आमच्या गावात हल्ली या जातीच्या सगळ्या गाड्यांना 'पिकप' म्हणतात, आणि त्यातला 'पीक' इतका स्पष्ट उच्चारतात की हा शब्द शेतकऱ्यांनीच घडविला असावा, असे परक्याला वाटेल.

या गाडीच्या जन्माची एक हकीकत छापून आलेली आहे. टाटांकडे हे काम गिरीश वाघ यांच्याकडे होते. त्यांच्या मंडळींनी तीनचाकीवाल्यांना गाठून, तुम्हांला चारचाकी कशाला हवी, असे विचारले. ओझे, वेग, टिकाऊपणा ही उत्तरे अपेक्षितच होती. पण एकाने सांगितले की, चार चाके असली तर गावात लग्न जुळायला बरे पडेल. मी ही गोष्ट दादांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. पुतण्या सत्तावीस वर्षांचा आहे, पदवीधर आहे, घरी ओलिताची जमीन आहे, आणि तीन वर्षांत त्याच्यासाठी एकही स्थळ धड चालून आलेले नाही. शेती करणारा मुलगा नको, असे मुलींचे बाप तोंडावर सांगतात. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात जाऊन विचारा. तेव्हा आमच्या घरात गाडीचा हिशेब नुसता रुपयांचा नव्हता. पण दुसऱ्या हिशेबाविषयी कोणी बोलत नव्हते.

रुपयांचा हिशेब पुतण्याने वहीच्या एका पानावर मांडून आणला होता. ५ लाखांचे कर्ज, व्याज शेकडा ११, मुदत ५ वर्षे. हप्ता महिन्याला १०,८७० रुपये. विमा आणि कागदपत्रे यांचे वर्षाला ३०,००० धरले होते, म्हणजे महिन्याला अडीच हजार. (नुसता तृतीय पक्षाचा सक्तीचा विमाच अशा मालगाडीला १६,०४९ रुपये पडला. प्रवासी मोटारवाल्यांनी आपला आकडा काढून शेजारी ठेवून पाहावा.) गाडी उभी असो की चालू असो, हे १३,३७० रुपये महिन्याला गेलेच. चालण्याचा खर्च निराळा: तेल किलोमीटरला ६ रुपये, टायर, ऑइल, दुरुस्ती यांचे २. हिंगोलीची जाऊन-येऊन फेरी हिशेबाच्या सोयीसाठी ५० किलोमीटरांची धरली होती. म्हणजे खर्च ४०० आणि भाडे १,२००. फेरीमागे ८०० सुटले. "म्हणजे काका, महिन्यात १७ फेऱ्या मारल्या की झालं. पुढचं सगळं आपलं!"

पान नीटनेटके होते. मी विचारले, "चालकाचा पगार कुठे आहे?"

"चालक मीच की."

इथेच मला आमच्या शेतीचा सगळा इतिहास दिसला. दादा हळदीचा हिशेब करतात तेव्हा बेणे, खत, औषध, मजूर, शिजवणी, सगळे लिहितात; आपण स्वतः, वहिनी आणि पोरगा यांचे वर्षभराचे राबणे लिहीत नाहीत. दिल्लीचा कृषी मूल्य आयोगसुद्धा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी मोजतो. फक्त घरचे मोजत नाहीत. घरचे माणूस फुकट असते, अशी ही समजूत. त्याच समजुतीने गाडी घेतली की गाडी नेहमीच नफ्यात दिसते, आणि चालविणारा मात्र पाच वर्षांनी तिथेच असतो.

तालुक्याच्या एका व्यापाऱ्याने पुतण्याला आपल्या गाडीवर चालक म्हणून महिना १५,००० देऊ केले होते. मी तोच आकडा त्या पानावर लिहिला. १३,३७० चे २८,३७० झाले, आणि १७ फेऱ्यांच्या ३६ झाल्या. महिन्यात छत्तीस फेऱ्या! हळदीच्या आणि सोयाबीनच्या हंगामात त्या होतील. पण श्रावणात हिंगोलीला काय न्यावयाचे, भिजलेले गवत? पुतण्याचा चेहरा उतरला. दादा म्हणाले, "तू शिकवायला बसलास की समोरच्याला नापासच करतोस."

मग जड माल एकाच फेरीत जास्त घालावा, असा एक विचार निघाला. पाऊण टन म्हणजे पन्नास किलोंची पंधरा पोती. शेतकऱ्याला वाटते, पंचवीस का नकोत? पाटे दबतात, पण गाडी जाते. परंतु २०१९ साली मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला, तेव्हा जादा ओझ्याचा दंड २०,००० रुपये आणि वर जादा टनामागे २,००० असा ठरला. म्हणजे एकदा सापडले की पंचवीस फेऱ्यांची कमाई गेली. शिवाय ब्रेक काय म्हणतील ते वेगळेच. हा विचार पुतण्यानेच खोडून काढला, आणि तिथे मला तो प्रथमच धंदेवाला वाटला.

दुसरा मार्ग त्याला सुचला तो असा: गाडी हिंगोलीहून परत येते ती रिकामीच का यावी? जाताना हळद, येताना सिमेंट, सळ्या, सरकीची पेंड, किराणा, जूनमध्ये खताची पोती. परतीला भाडे अर्धेच मिळेल, ६०० रुपये. पण तेल तर रिकाम्या गाडीलाही लागतेच. त्याने पानाच्या कोपऱ्यात गुणाकार केला. प्रत्येक फेरीला परतीचा माल मिळाला, तर छत्तीसच्या जागी एकवीस फेऱ्या पुरतात. मी सही केली. मात्र अट घातली की दर महिन्याला स्वतःचा पगार वहीत लिहावयाचा, मिळो वा न मिळो.

२०२४ च्या दसऱ्याला गाडी आली. झेंडूच्या माळा झाल्या, नारळ फुटला, पिवळ्या पाटीला वहिनींनी हळद लावली. पाटीवर ती दिसेना, एवढेच. वहिनींनी आत डोकावून विचारले, "दोनच दारं? आम्ही कुठं बसायचं?" त्या विचारण्यात बरेच काही होते. दोन दारांच्या गाडीत चालक आणि शेजारी एखादा माणूस. घरच्यांची जागा हौद्यात, आणि हौद्यात माणसे बसविण्याची कायद्याने मनाई. पहिल्याच लग्नसराईत गावातल्या वऱ्हाडाला पुतण्याने नाही म्हटले, तेव्हा दोन घरांचे बोलणे बंद झाले. माल मात्र तो अडल्यानडल्याचा नेतो, त्याचा नियम असा की, "भाडं नको, तेल टाका." गावकी आणि धंदा यांच्यामध्ये याहून सोयीची रेषा मला तरी सांगता आली नसती.

सरकारी बाजू त्या मानाने सोपी निघाली. एकूण वजन तीन टनांच्या आत असल्यामुळे परमिट लागत नाही. चालकाच्या परवान्याविषयी थोडी धाकधूक होती, कारण पुतण्याकडे हलक्या मोटारीचा साधा परवाना होता. पण ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, साडेसात टनांच्या आतले मालवाहन चालविण्यास तोच परवाना पुरे. एक गोष्ट मात्र दादांना अजून खुपते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि आमची गाडी वर्षभर आधी आलेली होती. ते पैसे कोणीतरी आपल्याच खिशातून काढून नेले, अशा सुरात दादा ते सांगतात.

आता वर्षाचा हिशेब. दसरा ते दसरा ३१२ फेऱ्या झाल्या; त्यांपैकी १४० वेळा परतीला माल मिळाला. जातानाचे भाडे ३,७४,४०० आणि परतीचे ८४,०००, एकूण ४,५८,४००. चालण्याचा खर्च १,२४,८०० आणि हप्ते, विमा वगैरे १,६०,४४०. हातात राहिले १,७३,१६०. महिन्याला १४,४३०. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर बसला असता तर जे मिळाले असते, त्याहून ५७० रुपये कमी!

हा आकडा मी स्टाफरूममध्ये सांगितला, तेव्हा चौघांनीही 'आम्ही म्हटलेच होते' अशी मान हलविली. मला ते पटत नाही. पहिल्या वर्षाच्या हप्त्यांत जवळजवळ ७९,००० रुपये मुद्दलात गेले आहेत. तेवढी गाडी त्याची झाली. गाडीही वर्षाने जुनी झाली, हे खरे. एका हाताने मालकी येते आणि दुसऱ्या हाताने पत्रा झिजतो. पण नोकरीत नुसती झीजच असते, आणि तीही आपली. पाच वर्षांनी हप्ता थांबेल तेव्हा इंजिन धड असले, तर तेच १०,८७० रुपये दरमहा घरी राहतील. म्हणून इंजिनाचे ऑइल वेळेवर बदलणे हे मी परतीच्या भाड्याइतकेच महत्त्वाचे मानतो, आणि पत्रात दर वेळी लिहितो. पुतण्या त्याला उत्तर देत नाही.

याहून मौजेची गोष्ट मला आयकराचा कायदा चाळताना सापडली. १९६१ च्या कायद्यात लहान मालवाहनवाल्यांसाठी एक सोय केलेली होती. वह्या ठेवावयास नकोत, पावत्या नकोत. हलक्या गाडीमागे महिना ७,५०० रुपये उत्पन्न झाले असे सरकार धरून चालेल. २०१४ साली हा आकडा ठरविणारे कोण होते, मला ठाऊक नाही. पण माझ्या पुतण्याच्या हिशेबातून परतीचे ८४,००० वजा करा. उरतात ८९,१६०, महिन्याला ७,४३०. सरकारच्या अंदाजाशी सत्तर रुपयांचाच फरक. परतीचे भाडे कोणाला मिळत नसणार, असे दिल्लीतल्या त्या अज्ञात कारकुनाने गृहीत धरले होते की काय, अशी शंका मला तेव्हापासून येते.

तेव्हा ही दोन दारांची गाडी परवडते का, या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या किंमतीत नाही आणि तेलाच्या भावातही फारसे नाही. शेतातून बाजाराला जाणारा माल आपोआप मिळतो. पीक आले की तो दारात उभाच असतो. पाच एकरवाल्याला ट्रक भरत नाही, ट्रॅक्टरची वाट पाहण्यात भाव उतरतो, म्हणून तो पंधरा पोती घेऊन लहान गाडीने स्वतःच हिंगोलीच्या संत नामदेव हळद बाजारात जाऊ लागला आहे. ही गाडी त्याच्यासाठीच जन्मली. पण बाजाराकडून गावाकडे येणारा माल आपोआप मिळत नाही. तो मागावा लागतो. हळद उतरवून झाली की दोन-तीन तास सिमेंटच्या, हार्डवेअरच्या, पेंडीच्या दुकानांपुढे उभे राहावे लागते. मालकाच्या मुनिमाशी बोलावे लागते. त्याने "आज काही नाही" म्हटले तरी उद्या पुन्हा हसून जावे लागते.

आणि घरातले खरे दुखणे इथे आहे. दादांना गाडी हवी होती, हप्ते भरण्याची तयारी होती. पण पोराने दुकानापुढे उभे राहणे त्यांच्या पचनी पडत नाही. "आपल्या घरातलं पोरगं भाडं मागत फिरणार? आपल्या मालाला गिऱ्हाईक आपल्या दारात आलं पाहिजे." मी त्यांना म्हटले, "दादा, हळद तुम्ही बाजारातच नेता ना? भाव व्यापारीच बोलतो ना?" "ते निराळं," ते म्हणाले. निराळे कसे, ते त्यांना सांगता आले नाही; पण ते निराळे आहे हे मलाही आतून कळत होते. पिकविणाऱ्याला बाजारात फसविले गेले तरी त्याच्या हातात काहीतरी असते. रिकाम्या हौद्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात नुसती किल्ली असते.

३१२ पैकी १७२ वेळा गाडी रिकामी का आली, याची चौकशी मी फोनवर केली. काही वेळा माल नव्हता. काही वेळा पाऊस होता. पण बरेचदा दादाच बरोबर होते, आणि दादा बरोबर असले की पुतण्या कोणत्याही दुकानापुढे थांबत नाही. सरळ घरी येतो. हे त्याने मला फार हळू आवाजात सांगितले.

गेल्या महिन्यात हिंगोलीच्या एका हार्डवेअरवाल्याने त्याला विचारले आहे. महिन्याला परतीच्या १८ फेऱ्या पक्क्या. मात्र भाडे ६०० ऐवजी ५००. वर्षाचे १,०८,००० होतात. मागत फिरून मिळाले त्याहून २४,००० जास्त, आणि उभे राहणे नाही. म्हणजे महिन्याला १६,४३०. व्यापाऱ्याच्या पगारापेक्षा थोडे का होईना, वर. मी घे म्हणून सांगितले. दादा म्हणतात, बांधून घेतले की ती नोकरीच झाली. मग गाडी आपली कशी? दरम्यान वाशीमकडचे एक स्थळ आले आहे, आणि मुलीच्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की, गाडी मुलाची आहे की बँकेची. पुतण्याने हप्त्यांचे पुस्तक पुढे केले. मुलीने ते हातात घेऊन शेवटपर्यंत चाळले, असे वहिनी सांगत होत्या. मंडळी पुन्हा येणार आहेत. हार्डवेअरवाल्याला उत्तर दिवाळीच्या पाडव्यापर्यंत द्यावयाचे आहे, आणि दादांनी अजून होकार दिलेला नाही.